जुबेदाचे फुटके रोल

रियाधला अल सुलै भागात, गोदामांच्या मागच्या एका इमारतीत जुबेदा अकरा वर्षं राहत होती. माहेर-सासर दोन्ही हर्णैचं. नवरा सिराजुद्दीन जवळच्याच गोदामात स्टोअरकीपर. रमजानातल्या शुक्रवारी इमारतीतली कोकणी घरं एकत्र इफ्तार करायची, आणि तिथे समोसे करायचे ते जुबेदानेच. दुसरं कुणी समोशांच्या वाटेला जात नसे.

यंदा वरच्या मजल्यावर महाडची इफरा राहायला आली. पहिल्याच शुक्रवारी तिने चिनी स्प्रिंग रोल आणले. बोटाएवढे, सगळे एका मापाचे, कुरकुरीत. बघता बघता ताट रिकामं झालं. समोसे उरले. घरी येताना सिराजुद्दीन म्हणाला, "तू का नाय करत गो तसलं?"

जुबेदाने उरलेले समोसे डब्यात आपटले.

त्या आठवड्यात तिने तीनदा रोल केले. बाजारातून रोलसाठी मैद्याच्या पट्ट्या आणल्या, कोबी, गाजर, चिकन परतून भरलं. तिन्ही वेळा रोल कढईत फुटले आणि तेल अंगावर उडालं. इफराला विचारायचं म्हटलं तर जीभ रेटेना. उलट शेजारच्या आलिमाला ती बोलून गेली, "घरी कसले करते? फ्रोझन पाकीट फोडून तळते ती."

दोन दिवसांनी, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर दारावर टकटक झाली. इफरा उभी. हातात कोबीचा गड्डा.

"आपा, तुमच्या किचनमध्ये करू का आज? म्हणजे पाकीट कुठे आहे ते दिसेल."

जुबेदाचा चेहरा पडला, पण नाही म्हणता येईना. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि इफराची चूक शोधू लागली. एकही सापडेना. इफराने कोबी बारीक चिरून मीठ लावलं, थोड्या वेळाने फडक्यात घट्ट पिळला. वाटीभर पाणी निघालं. सारण परतून ताटात पसरलं, पूर्ण गार होऊ दिलं. मग घट्ट गुंडाळून मैद्याच्या खळीने कडा चिकटवल्या.

"कुणी शिकवलं?" जुबेदाने विचारलंच.

"इकडे यायच्या आधी किंग अब्दुल्ला सिटीत होतो, तेव्हा शेजारी एक चिनी बाई होती. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. दिवसभर घरात एकटी असायचे. तिच्या हातांकडे बघत बसायचे."

जुबेदा ओट्याशी सरकली. तिनेही चार रोल वळले. तळताना एकही फुटला नाही.

शुक्रवारी सगळ्यांसमोर ती आलिमाला म्हणाली, "पाकिटाचं मी खोटं बोलले होते. मला जळफळाट झाला होता." इफराने मान खाली घातली. पुढे कुणी तो विषय काढला नाही.

पण दोघींच्या रोलची ताटं शेजारी शेजारी होती, आणि सिराजुद्दीनने हात पुढे केला तेव्हा तो हात कुणाच्या ताटाकडे जातो हे जुबेदाने बघितलंच. हात इफराच्या ताटाकडे गेला.


जुबेदाने स्वतःचं ताट त्याच्यासमोर सरकवलं.