दार वाजवून आत जाणाऱ्या रुक्माक्का

सशांच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. नोकरीचा माझा पहिला दिवस. माझ्या वरिष्ठ रुक्माक्कांनी दोन बोटांनी हळूच टकटक केलं, क्षणभर थांबल्या आणि मग कडी काढली. मला हसू फुटलं. म्हटलं, "अक्का, आतून 'या' म्हणतात की काय?"

"म्हणत नाहीत. पण दचकत तरी नाहीत," त्या म्हणाल्या. "दचकला की सशाचा ताप चढतो. तुझा नाही चढत?"

हेब्बाळच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा औषधांचा कारखाना होता. साल असेल एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठ. इस्पितळात शिरेतून चढवायचं सलाईन तिथे तयार व्हायचं, आणि प्रत्येक घाणा बाहेर पडण्याआधी सशांवर तपासला जायचा. तीन ससे लाकडी खोक्यांत बसवायचे, मान तेवढी बाहेर. कानाच्या शिरेत कोमट सलाईन टोचायचं आणि पुढचे काही तास पुन्हापुन्हा ताप बघायचा. ताप चढला नाही तर सलाईन चांगलं. चढला तर सगळा घाणा मोरीत. तसलं सलाईन माणसाला चढवलं, तर खाट हलेल अशी हुडहुडी भरते.

आमच्या चिक्कपेटेतल्या घरी हे कळलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारला. "बी.एस्सी. कशाला झालीस, मुक्या जिवांना टोचायला?" मी ते अक्कांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. नाकावर राग होताच बाईंच्या. पण त्या विचारात पडल्या. "आई बरोबर बोलते गं," म्हणाल्या. "पण मग कुणाला टोचायचं? तिला विचारून ये ना. खरंच सांगते, मला उत्तर हवंय." आणि दुसऱ्या दिवशी विसरल्या नाहीत, विचारलंच. 'मला काय विचारतेस?' म्हणून आईनं विषय सोडला होता, अक्कांनी कधी सोडला नाही. सशाऐवजी काचेच्या नळीलाच विचारता येईल असा काही उपाय निघेल का, हे त्या ग्रंथालयात जाऊन शोधत बसायच्या. "ससा खोटं बोलत नाही, पण घाबरतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. भयाचा ताप कुठला आणि सलाईनचा कुठला हे ओळखण्याचाच आपल्याला पगार मिळतो, असंही म्हणायच्या.

दसऱ्याआधीच्या एका नवमीला मात्र कहर झाला. शहरात जुलाब-वांत्यांची साथ होती, इस्पितळातून सलाईनसाठी सारखे निरोप येत होते, म्हणून आयुधपूजेच्या दिवशीही आम्ही तपासणी लावली होती. ससे टोचून आम्ही दोघी शेजारच्या खोलीत गेलो, एवढ्यात घंटा घणघणली. धावत जाऊन बघते तो काय! सशांची देखभाल करणारा मुनियप्पा आरती ओवाळत होता. तराजूला कुंकू, थर्मामीटरला कुंकू, टोचायच्या पिचकाऱ्यांना झेंडू, आणि रांगेत बसलेल्या तिन्ही सशांच्या कपाळावरही कुंकू! उंबऱ्यावर कोहळा फोडलेला. ससे डोळे विस्फारून थरथरत होते.

"अय्यो, मुनियप्पा, हे काय?" अक्का म्हणाल्या.

"आयुधपूजा, अक्का. आपलं सगळं काम यांच्यावरच चालतं ना?"

अक्का स्वतः दर शुक्रवारी बनशंकरीच्या देवळात जाणाऱ्या. पण त्यांनी पदरानं एकेका सशाचं कुंकू पुसलं. "ही आयुधं नव्हेत रे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पूजा केली की दोषातून सुटल्यासारखं वाटतं. आपल्याला सुटायचं नाही." बिचारा मुनियप्पा ओशाळला. चांगल्या मनानं केलं होतं त्यानं.

थोड्या वेळानं ताप पाहिला तर तिघांचाही चढलेला. मॅनेजरसाहेब खाली आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "घंटेनं चढला. कारण कळलं ना? मग पाठवा बाटल्या."

"घंटेनं चढला असेल. सलाईननंही असेल," अक्का म्हणाल्या. "मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

"तिकडे माणसं मरताहेत, आणि तुम्ही सशांची चौकशी करत बसणार?"

अक्कांचा चेहरा उतरला. खरं सांगते, त्या वेळी मला साहेबांचंच पटत होतं. "आधीच्या घाण्यातल्या उरलेल्या बाटल्या आज जाऊ देत," अक्का म्हणाल्या. "या नाही. अंगात त्राण नसलेल्या माणसाला वर हुडहुडी भरवू?"

दसऱ्याला सकाळी, सगळं गाव सोनं वाटत असताना, आम्ही दुसरे तीन ससे काढले. "आपल्या घंटेची शिक्षा यांना," असं पुटपुटत अक्का एकेकाचे कान चोळत होत्या. दिवसभर आम्ही कुजबुजतच बोललो. मुनियप्पा अनवाणी वावरत होता. आणि तरीही तिघांचा ताप चढला! सलाईनच खराब होतं. घाणा मोरीत गेला, नवा तयार झाला, तपासून इस्पितळात पोचला. साहेब त्यानंतर सशांच्या खोलीकडे आले की दार वाजवू लागले.

मला वाटलं, अक्का आता मिरवतील. छे! त्यांना दुसराच भुंगा लागला. "पण नवमीला घंटेचा ताप किती आणि सलाईनचा किती गं?"

"नुसती घंटा वाजवून बघूया की," मी म्हटलं.

डोळे क्षणभर लकाकले त्यांचे. मग मान हलवली. "त्यानं कुणाचा जीव वाचणार आहे? नुसत्या माझ्या कुतूहलासाठी नको. हा प्रश्न छळेल मला. सरी, असू दे, मला छळू दे."

काही वर्षांनी त्या स्वतःच इस्पितळात पडल्या. तेव्हा सशांची खोली माझ्याकडे होती. मी दारावर टकटक केली तर आतून क्षीण आवाज आला, "ये गं. दार वाजवणारी आपल्यातलीच."

नर्स सलाईन लावायला उभी होती. बाटली आमच्या कारखान्याची. अक्कांनी तिला हातानं थोपवलं. "स्वल्प थांब." मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताप नाही ना आला कुणाला?"

मी खाटेजवळ जाऊन म्हटलं, "नाही, अक्का. तिघंही गप्प बसून होते. नंतर कोथिंबीर खाल्ली."

"सरी," त्या म्हणाल्या, आणि आपला हात आपणच पुढे केला.