शेजारच्या सीटचा ब्रेक

आमच्या घरच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे रबरी मॅट आहे. तिला बशीएवढं भोक पडलंय. माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायाने पाडलंय ते. त्या जागी ब्रेक नाही, कधी नव्हता. पण दीर, पुतणे, दुसरं कुणीही चालवत असलं की आमचे हे शेजारी बसून तिथे पाय दाबतात. टॅक्सीत दाबतात, मेहुण्याच्या गाडीत दाबतात. एकदा दवाखान्यात गुडघ्याच्या एक्स-रेसाठी झोपवलं होतं, बाहेर रस्त्यावर कुणाचे तरी टायर किंचाळले आणि यांचा पाय हलला. फोटो परत काढावा लागला.

धंदाच तसा आहे. सव्वीस वर्षं हे लोकांना गाडी चालवायला शिकवतायत. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तरांनी तो दाबायचा. सीट पार पुढे ओढलेली, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले, नजर समोर आणि पाय ब्रेकवर, असं दिवसाचे नऊ तास बसायचं. अर्धं गाव यांच्या हाताखालून गेलंय, म्हणून गाव यांना मास्तर म्हणतं. चिडले की मीही म्हणते, म्हणजे बहुतेक वेळा म्हणतेच.

गाडी चालवायची एवढी हौस असलेला माणूस, आणि जन्म गेला तो शेजारी बसून. म्हणून तीन वर्षांपूर्वी यांच्या ड्रायव्हिंग शाळेची एक गाडी म्हातारी झाली, तेव्हा ती भंगारात द्यायच्या ऐवजी यांनी शर्यतीला लावली. मी म्हटलं, "अहो, वय काय झालं?" तर म्हणाले, "चौदा." मी गाडीचं नव्हतं विचारलं! आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणतात. त्याने आनंदाने शेजारची सीट उखडली, तिकडचा ब्रेक काढला, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. त्या पिंजऱ्यात घुसायचं तर आधी डावा पाय, मग डोकं, मग उरलेला नवरा.

शनिवार-रविवारी हौशी लोकांचा एक क्लब या शर्यती भरवतो. कुणी प्लंबर, कुणी बँकेत, एक दाताचा डॉक्टर. सगळ्यांच्या गाड्या एकाच जातीच्या, लहान आणि जुन्या. यंदा चोवीस गाड्या होत्या, आणि तोवर झालेल्या दहाच्या दहा शर्यतींत आमचे मास्तर चोविसावे. हसू नका. मी हसले होते, तर दोन दिवस घरात अबोला होता.

शेवटच्या शनिवार-रविवारच्या आधी क्लबची चिठ्ठी आली. क्लबच्या सेक्रेटरी पोस्टातून रिटायर झालेल्या, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या बाई. लिहिलं होतं, वर्षभरात जो ड्रायव्हर एकदाही शेवटच्या नंबराच्या वर येत नाही, त्याची जागा पुढच्या वर्षी नव्या माणसाला जाते. नऊजण रांगेत आहेत. मास्तरांनी राग मानू नये. रविवारच्या दोन शर्यती उरल्या आहेत. शुभेच्छा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर हे शर्यतीच्या गाडीचा आरसा पुसत उभे होते. आरसा लख्ख झाला तरी पुसत होते. तोवर मी या सगळ्याला यांचं खूळ समजत होते. त्या सकाळी नीट हिशेब केला. सव्वीस वर्षांत या माणसाने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट, आणि तीही चालली होती.

त्यात नेमकी पान्याच्या कंबरेत उसण भरली. ट्रॅकच्या कडेला उभं राहून, प्रत्येक फेरीला यांना किती फेऱ्या उरल्या त्याची पाटी दाखवायचं काम त्याचं. "वहिनी, तुम्हीच या आता. मी आडवा पडून सांगेन सगळं," म्हणाला. तीन वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. गेले.

शनिवारी गाडीची तपासणी. एका तरुण पोरीने टॉर्च घेऊन ब्रेक पाहिले, पट्टे ओढून पाहिले, मागचे लाल दिवे लागतात का ते पाहिलं. मग सराव. बाई गं, तो आवाज! चोवीस मिक्सर एकदम लावल्यासारखा. आणि त्यात आमचे मास्तर. मागून कुणी जोरात आला की निशाणवाला निळं निशाण दाखवतो, म्हणजे बाजू दे. यांनी बाजू दिली, इथपर्यंत ठीक. पण हे खिडकीतून हात काढून त्याला "या, या" करत होते! पाहुणे आलेत जसे घरी. निशाणवाल्याने हसून मान हलवली. त्याच्या बायकोलाही यांनीच शिकवलंय म्हणे.

संध्याकाळी सरावातल्या वेळांची यादी लागली. सुरुवातीला कोण कुठे उभं राहणार ते त्यावर ठरतं. चोविसावे.

"गाडीत दोष आहे का हो?" मी पान्याला विचारलं. तो ट्रॅकशेजारी आपल्या पिकअपमध्ये टाकलेल्या गादीवर पालथा पडला होता.

"गाडी ठणठणीत आहे वहिनी. मीच चालवली होती मागे, चांगली पळते." मग थोडं थांबून म्हणाला, "मास्तरांना म्हणू नका मी असं म्हणालो."

रविवारी पहिल्या शर्यतीला मी पाटी घेऊन उभी राहिले. सरळ रस्ता जिथे संपतो आणि मोठं वळण लागतं, तिथलं मला स्पष्ट दिसत होतं. गाड्या माझ्याकडे पाठ करून वळणाकडे जायच्या. वळणाच्या तोंडाशी सगळ्यांचे मागचे दिवे एकदम लाल व्हायचे. आमच्या गाडीचे मात्र त्याच्या कितीतरी आधी. सरळ रस्त्यावर, मधेच, कारण नसताना! चार फेऱ्या मी कपाळाला आठ्या घालून पाहत होते. ब्रेक अडकतोय की काय?

पाचव्या फेरीला पुढची हिरवी गाडी, दातांच्या डॉक्टरांची, जराशी हेलकावली. हेलकावली हिरवी गाडी, आणि दिवे लागले आमचे. मग प्लंबरची गाडी कडेला घसरली. ती यांच्यापासून शंभर पावलं लांब. आमचे दिवे परत लाल.

पाटी माझ्या हातातून खालीच आली. दिवे मला शंभर पावलांवर दिसत होते, पण तो पाय मी ओळखला. मॅटला भोक पाडणारा पाय होता तो. हा माणूस दुसऱ्यांच्या चुकांसाठी ब्रेक दाबत होता.

पहिल्या शर्यतीत चोविसावे. उरली एक.

दुपारी आम्ही घरच्या गाडीच्या सावलीत डबा उघडून बसलो. यांनी घास मोडला आणि तसाच ठेवला. "गाडीला पूर्वीसारखा जोर नाही राहिला," म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "गाडीला काही झालेलं नाही. तुमचा पाय आवरा."

"माझा पाय?"

"डॉक्टर हेलकावले, तुम्ही ब्रेक दाबला. प्लंबर तिकडे घसरला, तुम्ही इकडे ब्रेक दाबला. अहो, ते तुमचे विद्यार्थी आहेत का? त्यांच्या पायाखाली त्यांचे स्वतःचे ब्रेक आहेत!"

यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मला माहीत होतं कशाची आठवण आली ती. धंद्यातलं तिसरं वर्ष. शिकणाऱ्या एका मुलीने घाबरून ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला, आणि यांनी ब्रेक दाबला तो पापणी लवण्याइतका उशिरा. सायकलवाल्याचा पाय मोडला. तो बरा झाला, नीट चालतो, भेटला तर हात करतो. पण दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून हा पाय झोपेतसुद्धा जागा असतो.

"सवय आहे ती," शेवटी म्हणाले. "जायची नाही."

"जित्याची खोड, माहितीये मला," मी म्हटलं. आणि मग जे अकरा वर्षं पोटात होतं ते बाहेर पडलं. "माझ्याकडे लायसन्स आहे. पहिल्या झटक्यात मिळालेलं. तुम्ही शेजारी असताना मी किती वेळा गाडी चालवली? चार. पाचव्यांदा किल्ली हातात घेववत नाही. मी काही चूक केलेली नसते, तरी तुमचा पाय खाली जातो, आणि मला वाटतं, या माणसाचा माझ्यावर विश्वास नाही."

यांचा चेहरा उतरला. "तू चांगली चालवतेस," म्हणाले.

"मग?"

यांनी मोडलेल्या घासाकडे पाहिलं. मलाही वाईट वाटलं. शर्यतीला दीड तास उरलेला, आणि मी कुठलं गाठोडं सोडून बसले! पण बोलले ते खरं होतं. यांनी मोडलेला घास खाल्ला, मग उरलेला डबाही संपवला, आणि हेल्मेट उचलून गेले.

दुसरी शर्यत. बारा फेऱ्या. सुरुवातीला हे चोविसावे, पुढे तेविसावे डॉक्टर, हिरवी गाडी. पहिल्या फेरीला दिवे लागले, आधीच लागले. दुसऱ्या फेरीला परत. मी पाटी दाखवताना दात-ओठ खाल्ले. तिसरीला लागले, पण क्षणभरच. चौथीला डॉक्टर हेलकावले, आमचे दिवे लागले नाहीत. मी "पाना!" म्हणून ओरडले. तो गादीवरून अर्धा उठला आणि कळ येऊन परत पडला.

"काय झालं?"

"काही झालं नाही! तेच तर!"

नवव्या फेरीला दोन्ही गाड्यांमध्ये एका गाडीची जागा उरली. दहावीला तीही नाही. पण डॉक्टरसुद्धा कच्चे नव्हते, वाट देईनात. अकरावीला यांनी बाहेरून प्रयत्न केला, जमलं नाही. मी पाटीवर एकचा आकडा लावला, म्हणजे शेवटची फेरी. घाईत आकडा उलटा लागला. एकच होता म्हणून निभावलं.

दोघं सरळ रस्त्यावर आले. माझे डोळे फक्त त्या दोन दिव्यांवर. मी म्हणत होते, दाबू नका, दाबू नका, अहो दाबू नका. वळणाच्या आधी हिरवी गाडी एकदम बाहेर गेली, तिची दोन चाकं गवतात, माती उडाली. तीन वर्षांत अशा वेळी प्रत्येक वेळी काय झालं असेल ते मला आता कळत होतं. हा माणूस थांबला असेल. डॉक्टरांना सावरायला वेळ दिला असेल. आणि मागेच राहिला असेल.

दिवे लागले नाहीत. लागले ते वळणाच्या तोंडाशी, सगळ्यांचे लागतात तिथे. गाडी आतल्या बाजूने सरळ निघून गेली, हिरव्या गाडीच्या पुढे.

तेविसावे! चोविसांत तेविसावे! मी पाटी टाकून नाचले. लोकांना वाटलं असेल, या बाईचा नवरा जिंकला. मग जिंकलाच की! पान्याला आनंदाने मिठी मारली, तर तो कळवळून ओरडला.

डॉक्टर हेल्मेट काढून आले, केसांत गवत. यांचा हात धरून म्हणाले, "मास्तर, हे काय! मी चुकलो की तुम्ही थांबता ना नेहमी! मी त्याच भरवशावर होतो!"

हे ओशाळले. मग म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही वळणाआधी गवताकडे बघता. आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. तुम्ही बघितलंत की मला कळायचं, आणि मी ब्रेक दाबायचो. आज मी गवताकडे बघितलंच नाही. रस्त्याकडे बघितलं." डॉक्टर विचारात पडले. पुढच्या वर्षी काही खरं नाही आमचं.

सेक्रेटरीबाई आल्या, यादीत यांच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म यांच्या हातात दिला. "दोन्ही बाजू भरा," एवढंच म्हणाल्या. पण जाताना चष्म्यावरून माझ्याकडे बघून हसल्या. यांनी फॉर्मची चौघडी घालून खिशात ठेवली, आणि परत काढून पाहिली. दोनदा.

शर्यतीची गाडी पान्याने आपल्या पिकअपमागे जोडली. कंबर धरली तरी स्टिअरिंग धरता येतं म्हणाला. आम्ही घरच्या गाडीपाशी आलो. मी सवयीने शेजारच्या दाराकडे वळले, तर यांनी किल्ली पुढे केली.

"तू चालव."

"दमलात?"

"नाही," म्हणाले.

मी बसले, सीट जुळवली, आरसा जुळवला. हे शेजारी बसले, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले, नेहमीसारखे. पट्टा लावला. मग खाली वाकले. मला वाटलं, बुटाची नाडी बांधतायत. यांनी सीटखालची कडी ओढली आणि सीट खटकन मागे नेली, पार शेवटच्या खाचेपर्यंत. पाय लांब केले. त्या भोकापासून पाऊल हातभर मागे राहिलं. ताणलं असतं तरी पोचलं नसतं.

मी किल्ली फिरवली. बोलले असते तर रडले असते, आणि गाडी चालवताना रडू नये हे यांनीच शिकवलंय.

मोठ्या चौकात एक व्हॅन गल्लीतून धाडकन पुढे आली. मी ब्रेक दाबला. बेताने, जसा दाबायला हवा तसा. गाडी थांबली, व्हॅन गेली. मी शेजारी पाहिलं. पाय होते तिथेच होते, आणि हे खिशातला फॉर्म काढून तिसऱ्यांदा वाचत होते.

"नवी मॅट घ्यायला हवी," मी म्हटलं.

"घेऊ," ते मान वर न करता म्हणाले. मी गाडी पुढे काढली.