काकीच्या दारातल्या अकरा शेळ्या

अन्याय माझ्या काकीवर झाला. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, तिच्याच दारात, माझ्यादेखत झाला. तलाठ्यानं तो निळ्या पेनानं केला.

काकी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. चुलते जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही, गुंठाभर जमीन नाही. सगळा जन्म शेळ्यांमागं चालण्यात गेला आणि आता गुडघ्यांनी साथ सोडली. सरकार विधवा बाईला महिन्याला निराधाराचं अनुदान देतं, ते मिळालं तर तिला बांधाबांधानं फिरणं थांबवता येणार होतं. मागणी एवढीच.

कागद मी जमवले. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, चुलत्यांच्या मृत्यूचा दाखला. संघटनेची पत्रकं गावोगाव वाटत फिरणारी मी, मला वाटायचं, कागदाचं काम आपल्याला कळतं.

साहेब घरी चौकशीला येणार म्हटल्यावर काकीनं अंगण सारवलं, मास्तरांच्या घरून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली. मी तिला पढवलं होतं, "घाबरायचं नाही. विचारतील ते खरं सांगायचं." आमच्या पत्रकावर हेच वाक्य ठळक अक्षरांत असतं.

तलाठी खुर्चीत बसला. गळक्या पत्र्याकडं त्यानं मान वर करून बघितलं नाही. शेळ्या मात्र बोट करून मोजल्या. अकरा.

"शेळ्या कुणाच्या, मावशी?"

"माज्याच की, सायेब. आणि कुणाच्या आसतील?"

एकही तिची नव्हती. शेळ्या अर्धलीच्या होत्या. शेळी मालकाची, राखण काकीची, होतील ती करडं निम्मी निम्मी. तिच्या वाट्याची ती पोटासाठी विकून टाकायची. मालक गावातलाच बागायतदार. पण आमच्याकडं राखणारी बाई जित्राबाच्या देखत त्याला परकं म्हणत नाही. म्हटलं तर शेळी गाभडते, पोटातलं करडू टाकते, असं मानतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि पढवताना नेमकं हेच विसरले.

मी मधे पडले. "साहेब, अर्धलीच्या आहेत. मालक वेगळा आहे."

"अर्ज कुणाचा, पुढारीणबाई? तुमचा का त्यांचा? त्या स्वतःच माझ्या म्हणतात."

"काकी, सांग की गं!"

काकीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शिवीच दिली. "गप बस. दोन गाभण हायेत आत्ता."

तलाठी हसला आणि त्यानं लिहिलं, 'अर्जदार शेळीपालन व्यवसाय करते.' मग त्याच शेळ्यांच्या दुधाचा चहा पिऊन गेला.

दिवाळीनंतर कळलं, अर्ज नामंजूर. कचेरीतला कारकून म्हणाला, "मालकाकडून लिहून आणा, शेळ्या त्याच्या हायेत म्हणून. एका ओळीचं काम."

मी मालकाच्या ओसरीवर गेले. तो सुपारी कातरत होता.

"कशापायी लिहून देऊ?" तो म्हणाला. "बायकोच्या नावानं सरकारी योजनेत घेतल्यात त्या. कागदावर माझ्या गोठ्यात हायेत. तुझ्या काकीच्या दारात हायेत असं लिहिलं, तर नोटीस मलाच यायची. लई घाई आसंल तर सोडून नेतो. मग काकी आपोआप गरीब!"

ओसरीवरचे दोघं खो खो हसले.

म्हणजे त्याच अकरा शेळ्या दोन सरकारी कागदांवर. एका कागदावर त्या बागायतदाराच्या गोठ्यात, म्हणून त्याला मदत. दुसऱ्यावर त्या काकीच्या दारात, म्हणून तिला नकार. दोन्ही कागदांवर शिक्के.

मी रागाच्या भरात त्याचं नाव न घालता पत्रक काढलं. गावाला नाव सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याचा गडी आला आणि शेळ्या हाकून घेऊन गेला. एक मागं वळून ओरडत होती. काकी उंबऱ्यात बसून होती.

"मला काई तुझं पत्रक वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "शेळ्यांना येत आसंल. वाचलं आन् गेल्या."

त्या हिवाळ्यात ती त्याच गुडघ्यांवर कापूस वेचायला गेली. नवा अर्ज मी दिला आहे. चौकशी अजून आलेली नाही. दाव्याच्या खुंट्या मात्र तिनं उपटू दिल्या नाहीत, आणि मला भीती वाटते, कुणी साहेब येऊन त्याच मोजेल.

हे वाचणाऱ्या, तुझ्या घरची शेळी, म्हैस, कालवड कुणा बाईच्या दारात अर्धलीवर असेल, तर आज एक कागद घे. जनावर माझं आहे, राखण तिची आहे, एवढं लिही. खाली सही कर आणि तो कागद तिच्या हातात नेऊन दे. तिला स्वतःच्या तोंडानं म्हणायला लावू नकोस.