एकट्याने चालू होणारी गाडी

माझा दादा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. गेली कित्येक वर्षं तेच दुकान, खिडकीजवळचं तेच टेबल. गिऱ्हाइकं त्याला 'काचवाले' म्हणतात आणि मालकही आता त्याच नावाने हाक मारतो. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. राग आला तर स्वतःचा चष्मा काढून पुसतो. फारच राग आला तर समोरच्याचाही मागून घेतो आणि पुसून देतो. भांडायला गेलेली माणसं स्वच्छ चष्मा लावून परत येतात, असं आमची वहिनी म्हणायची.

वहिनी म्हणजे त्याची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत जात होते. तेव्हा तिने मला 'ठकू' हे नाव दिलं, आणि आज माझे केस पांढरे व्हायला लागले तरी मी ठकूच आहे. दादाला मूलबाळ झालं नाही. दोघांनी त्याचं दुःख कधी बाहेर मांडलं नाही. घरात ती दोघं आणि दारात ती गाडी, एवढाच त्यांचा संसार.

त्या गाडीबद्दल सांगायलाच हवं. ती घेतली तेव्हाच जुनी होती. पुढे तिचा सेल्फ रुसला. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. किल्ली फिरवली की आतून नुसतं 'टक्' व्हायचं आणि पुढे काही नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून, आत हात घालून सेल्फवर पान्याने दोन ठोके दिले, तर गाडी लगेच चालू. "आतले कार्बन झिजलेत," तो म्हणाला. "बदलून टाका. तोवर असं ठोकत जा."

आमच्या घरच्यांनी यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं. मोडक्या खुर्चीचा एक पाय शोधून काढला गेला. रोज सकाळी वहिनी बॉनेटपाशी उभी राहायची, पदर खोचून, तो पाय खाली घालून सेल्फवर ठोकायची आणि ओरडायची, "हं!" तो 'हं' आला की दादा आत किल्ली फिरवणार. कधी पहिल्या फटक्यात चालू, कधी सातव्या. मग भांडण. "तुम्ही उशिरा फिरवली." "तू लवकर ओरडलीस." समोरचा न्हावी दुकान उघडता उघडता थांबून हा कार्यक्रम बघायचा. शेवटी इंजिन धडधडलं की वहिनी हात झटकत शेजारी येऊन बसायची, आणि दोघं हसत जायची. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. दादा तिला शाळेत सोडून दुकानात जायचा, आणि संध्याकाळी ती तिथे आली की पुन्हा ठोकाठोकी.

मी कितीदा म्हटलं, "अरे, बदलून का टाकत नाहीस तो सेल्फ?" दादा चष्मा पुसायचा. "चालतंय की," म्हणायचा. मला तेव्हा तो चिक्कूपणा वाटायचा. आता वाटत नाही. दिवसाची सुरुवात अशी दोघांनी मिळून होत असेल, तर कोण कशाला बदलेल?

मग शाळेने शिवण हा विषयच बंद केला. वहिनी घरी बसली. घरी बसणं तिला मानवलं नाही. भांडी घासून झाली की पुन्हा घासायला काढायची. दादासमोर मात्र एक शब्द नाही. आणि एक दिवस तिने आम्हाला सांगितलं, की लांब, डोंगरातल्या एका गावी मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची जागा आहे, तिने अर्ज केला होता आणि त्यांनी बोलावलंय. एका वर्षासाठी. दादाने ताकास तूर लागू दिली नाही. "जा ना," म्हणाला. "वर्ष काय, बघता बघता जाईल." तिची बॅग त्यानेच भरली. शेवटच्या सकाळी तिने गाडी चालू करून दिली, त्याने तिला बसस्टँडवर सोडलं. परत आल्यावर गाडी दारात लावली, आणि ती तिथेच राहिली.

वहिनी सुट्टीत यायची तेव्हा गाडी निघायची. एरवी धूळ खात उभी. दादा चालत दुकानात जाऊ लागला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, संध्याकाळी डोकावायचे. हा आपला पुढच्या खोलीत दिवा न लावता बसलेला. टेबलावर एक ताट, एक पेला. गॅसवर दोघांना पुरेल एवढा भात, कारण कमी करता येत नाही म्हणे. फोन वाजला की चपळाईने उठायचा, आणि फोनवर मात्र "हो", "बरं", "जेवलो" एवढंच. ठेवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत राहायचा. मला भडभडून यायचं. त्याचा रागही यायचा.

"अरे, भेटून तरी ये तिला," मी म्हणायचे.

"बस लागते मला."

हे खरं होतं. बसमध्ये पाच मिनिटांत त्याचा चेहरा हिरवा पडतो.

"मग गाडी घेऊन जा. न्हावीदादा ठोकून देतील."

"आणि वाटेत बंद पडली तर? ओळख ना पाळख, कुणाला सांगू, जरा माझ्या गाडीला मारा म्हणून?"

त्याच्यापुढे मी हात टेकले.

वर्ष संपत आलं. मोठ्या सुट्टीला वहिनी येणार म्हणून दादाने घर धुऊन काढलं, पडदेसुद्धा. आणि तिचा फोन आला की काही मुली सुट्टीतही तिथेच राहणार आहेत, त्यांना घर नाही, त्यामुळे तिला येता येणार नाही. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. पुढे राहायचं की नाही हे त्यांना महिनाअखेर कळवायचं होतं. दादा "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना तो नवा सेल्फ घेऊन आला. खोका छातीशी धरून.

"ठकू, रविवारी ये," म्हणाला. "हा बसवायचाय. मग तिला आणायला जातो."

"आणायला की भेटायला?"

"आणायला," तो म्हणाला. इतकं स्पष्ट बोललेलं मी त्याला वर्षभरात ऐकलं नव्हतं.

मेकॅनिककडे न्यायची गोष्टच त्याने काढू दिली नाही. रविवारी सकाळी मी गेले तर साहेब तयार. मागच्या चाकांना विटा लावलेल्या, पुढची बाजू जॅकवर उचलून खाली जाड लाकडी ठोकळे सरकवलेले, बॅटरीची वायर काढून बाजूला वाकवलेली. आणि फरशीवर दुकानातलं पांढरं मऊ फडकं अंथरून त्यावर पाने ओळीने मांडलेले. जणू गाडीचे डोळेच तपासायचे होते.

तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. मी उकिडवी बसून टॉर्च धरला. सेल्फ इंजिनाच्या मागच्या अंगाला, आत चेपून बसलेला असतो. त्याला एक जाड वायर, एक बारीक वायर, आणि त्याला धरून ठेवणारे दोन बोल्ट. वायरी सुटल्या. खालचा बोल्ट सुटला. वरचा मात्र हटून बसला. दादाने त्यावर तेल सोडलं आणि गाडीखालीच पडून राहिला.

"काय करतोयस?"

"मुरू दे जरा."

दोन पाय तेवढे बाहेर. तिथून त्याचा आवाज आला, "ठकू, ती नाही म्हणाली तर?"

मी टॉर्चचा झोत पुन्हा बोल्टवर धरला. "आधी बोल्ट काढ," म्हटलं.

बोल्ट सुटला आणि जुना सेल्फ त्याच्या छातीवर येऊन टेकला. चांगलाच जड होता. बाहेर काढून आम्ही तो नव्याशेजारी ठेवला, भोकं आणि दाते जुळतात का ते पाहिलं. जुन्याच्या अंगावर एका जागी रंग पार उडून पोचे पडले होते. सगळे एकाच जागी, एकमेकांवर. वहिनीचा नेम पक्का होता. दादाने त्यावरून अंगठा फिरवला, फडक्याने तो पुसला आणि फडक्यातच गुंडाळून ठेवला. मेकॅनिकच्या भंगारात द्यायचं मी नावही काढलं नाही.

नवा चढवताना त्याने बोल्ट बोटांनी फिरवून, मग पान्याने हलकेच आवळले. "झालं," म्हणाला.

"एवढ्यात? नीट आवळ की!"

"जास्त आवळलं तर तडकतं."

"अरे, ती चष्म्याची काडी नाही, गाडी आहे!"

मला खाली वाकून पान्याला लोंबकळावं लागलं, तेव्हा कुठे ते बोल्ट बोल्टासारखे बसले. वायरी जोडल्या, गाडी खाली उतरवली, बॅटरी जोडली. दादाने हात पुसले, केसांवरून फणी फिरवली आणि आत जाऊन बसला. मी बॉनेटपाशी उभी राहिले, आत काही ठिणगीबिणगी उडते का बघायला. समोर न्हावीही कात्री हातात घेऊन दारात आला.

काहीच झालं नाही.

मी वाट पाहिली. ना 'टक्', ना 'खट्'. म्हटलं, झालं, कुठली तरी वायर चुकली. मी वाकून जाड वायर हलवून पाहिली. घट्ट होती. बारीक वायर पाहिली. तीही घट्ट. न्हाव्याने लांबूनच मान हलवली. दादा काचेपलीकडे किल्ली धरून, मान जरा वाकडी करून, शहाण्या मुलासारखा बसला होता.

"करंट येत नाहीये वाटतं!" मी ओरडले. "किल्ली पूर्ण फिरवलीस का?"

"नाही," तो म्हणाला. "तू कुठे सांगितलंस?"

मला एक क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यालाही कळलं होतं. तो 'हं'ची वाट बघत बसला होता. इतकी वर्षं बाहेरून हाक आल्याशिवाय त्या हाताने किल्ली फिरवलीच नव्हती. न्हावी खो खो हसला. मीही हसायला लागले. दादाही हसला, पण हसता हसता त्याने चष्मा काढला आणि पुसत बसला. मला तोंड फिरवावं लागलं. मग त्याने स्वतःच किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात, कुणी न सांगता चालू झाली.

पुढच्याच सुट्टीच्या दिवशी आम्ही निघालो. मला त्याने हट्टाने बरोबर घेतलं. रस्ताभर त्याचे ओठ हलत होते, काय बोलायचं त्याची तालीम चालली होती. वाटेत चहाला थांबलो, तर चहा अर्धा टाकून गाडीत जाऊन बसला आणि उगीचच बंद-चालू करून पाहिली.

वसतिगृह म्हणजे लांबलचक बैठी इमारत, पुढे मोकळं अंगण. वहिनी अंगणात चार-पाच मुलींबरोबर दोरीवरच्या चादरी काढत होती. चादरीच्या दोन टोकांना दोन मुली, आणि ही मध्ये उभी राहून घडी शिकवतेय, ओरडतेय, हसतेय. इतकी छान दिसत होती ती. घरी बसली होती तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवला. जे दादा वाटभर मनात घोळवत आला होता, ते आता त्याच्या तोंडून निघायचं नाही, हे मला तिथेच समजलं.

"अगं बाई! तुम्ही?" ती धावत आली. मग गाडीकडे बघून, "चालू कुणी करून दिली?"

"कुणी नाही. सेल्फ बदलला. मी स्वतः."

"पान्याला मी लोंबकळले," मी म्हटलं. माझ्याकडे लक्ष कुणाचं?

दादाने तिला गाडी चालू करून दाखवली. बंद केली, पुन्हा चालू करून दाखवली. ती बॉनेटसमोर उभी राहून बघत होती. क्षणभर तिचा चेहरा उतरला, मी पाहिलं. मग तिने टाळ्या वाजवल्या आणि मुलींनीही वाजवल्या.

तिची खोली छोटीशी. एक खाट, एक टेबल, खिडकीत शिवणाचं मशीन. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात दार सारखं वाजत होतं. बाई, सुई हवीय. बाई, हिला ताप आलाय का बघा. दादा खाटेच्या कडेवर, पाहुण्यासारखा बसला होता. शेवटी त्याने धीर केला.

"महिनाअखेर कळवायचंय ना तुला?"

"हो. अजून तीन वर्षं राहा म्हणतायत."

"मग?"

वहिनीने त्याचा हात ओढून घेतला. नखांत अजून काळं होतं. ती पदराने पुसायला लागली. निघत नव्हतं, तरी पुसत राहिली. "खरं सांगू? मी त्यांना 'नाही' असंच कळवणार होते. म्हटलं, त्यांची गाडी माझ्यावाचून चालू होत नाही, माणूस तिथे अडकून पडलाय, आणि मी इथे मजेत. रोज घास अडकायचा. आता तो घोर गेला. आता तुम्ही कधीही येऊ शकता. याल ना हो?"

मी दादाकडे पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, तुला न्यायला आलाय तो! त्यासाठी गाडीखाली झोपला! पण ती त्याच्याकडे अशी बघत होती की मी मूग गिळून बसले. त्याने चष्मा काढला नाही. हातही सोडवून घेतला नाही.

"येईन की," दादा म्हणाला. "आता काय, किल्ली फिरवली की झालं."