मंजुषाची चौथी फेरी

अंबाजोगाईच्या आगारात मंजुषा सानप कंडक्टर म्हणून लागली ती सायकलच्या जोरावर, आणि ही गोष्ट तिथं कुणी सरळ तोंडानं बोलत नसे. ती खेळाडूंच्या राखीव जागेतून आलेली. विशीत असताना डोंगरातल्या सायकल शर्यतीत ती देशात तिसरी आली होती, त्याचं प्रमाणपत्र तिच्याजवळ होतं. पुढं बऱ्याच वर्षांनी कुठं कुठं खेळाडूंची खोटी प्रमाणपत्रं सापडल्याच्या बातम्या आल्या आणि सगळ्यांचेच कागद पुन्हा तपासायला गेले. मंजुषाचाही गेला. सहा महिन्यांनी तो बरोबर आहे असा शेरा घेऊन परत आला. कागद परत आला, लोकांच्या तोंडातलं मात्र गेलं नाही.

सगळ्यात पुढं होता तो बंकट ड्रायव्हर. पन्नाशीचा माणूस, स्टिअरिंगवर हात पक्का, पण जिभेला ब्रेक नाही. परळी-दिंद्रुडच्या गाडीवर दोघांची जोडी बऱ्याचदा लागायची. कॅन्टीनमध्ये चार लोक जमले की तो विचारायचा, "म्याडम, सायकलीला चाकं किती असत्यात वो?" लोक हसायचे. मंजुषा हिशोबाचा कागद भरत बसायची. पहिली दोन वर्षं तिला राग येई, मग रडू येई, आणि नंतर काहीच येईनासं झालं. एवढी थकून जायची ती. दिवसभर उभं राहून तिकिटं फाडायची पूर्वी. आता मशीन आलं, पण उभं राहणं तेच. परळीकडच्या रस्त्यावर वीज केंद्राच्या राखेचे ट्रक पुढं असले की खिडकीतून आत येणारी राख घशात, भुवयांत, डब्यातल्या भाकरीवर. घरी आली की मोरीतच दहा मिनिटं बसून राहायची.

खरं म्हणजे सायकल तिनं शर्यतीसाठी धरलीच नव्हती. आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत. फडापासून पाणी लांब. बारा वर्षांच्या मंजुषानं बापाची, म्हणजे उत्तरेश्वरची, उंच सायकल मधल्या दांड्याखालून पाय घालून चालवायला घेतली आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पाणी आणायला लागली. मातीचा रस्ता, चाकोऱ्या, मध्येच दगड. कॅनमधलं पाणी सांडलं तर आई वत्सलाबाई ओरडायची, म्हणून ती सायकल अशी चालवायला शिकली की पाणी हलूसुद्धा नये. पुढं कॉलेजात राधाकिशन सरांनी, म्हणजे खेळाच्या मास्तरांनी, तिला डोंगरावरून उतरताना पाहिलं आणि विचारलं, "तुला कुणी शिकवलं गं हे?" ती म्हणाली, "पाण्यानं."

अडतिसाव्या वर्षी तिनं पुन्हा शर्यतीत उतरावं असं काही नव्हतं. फेब्रुवारीत स्टँडच्या भिंतीवर एक फलक लागला. भगवानराव नावाच्या बड्या पुढाऱ्याचा वाढदिवस, त्यांचा मुलगा अमरसिंह याला सायकलीचा नाद, म्हणून गावामागच्या डोंगरात महिलांची खुली शर्यत. बंकटनं फलक मोठ्यानं वाचला आणि वळून म्हणाला, "द्या की नाव. समद्यांची तोंडं एकदाच बंद हुतील."

"देते," मंजुषा म्हणाली.

तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

घरी नवरा, प्रविण, म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? एप्रिलमध्ये? गुडघ्याला तेल लावल्याबिगर झोपत न्हाईस तू." प्रविणचं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. बोलला तेवढंच, दुसऱ्या दिवशी मात्र शेजारी राहणाऱ्या धनश्रीची सायकल त्यानं दुकानात नेली, चेन काढून धुतली, ब्रेक कसले. धनश्री मेडिकलला शिकणारी मुलगी, तिनं हौसेनं घेतलेली चांगली सायकल वर्षभर जिन्याखाली पडून होती. दोन महिने मंजुषा ड्युटी संपली की संध्याकाळी माळावर जायची. पाय ऐकायचे नाहीत. चढाला फुफ्फुस तोंडात यायचं. उतारावर तेवढी ती सायकल तिची व्हायची.

शर्यतीची वेळ सकाळी साडेसहाची होती. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं असं ठरलेलं. सहा वाजता चौदाजणी रेषेवर हजर होत्या, कुणी पुण्याच्या, कुणी नाशिकच्या, बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या. आरोही नावाची एक उंच मुलगी पाय ताणत होती, तिच्याकडं पाहूनच कळत होतं की पहिली हीच. हिरवा झेंडा भगवानराव दाखवणार होते. सात वाजले, आठ वाजले. मांडवात गाणी वाजत होती. नऊला गाड्या आल्या. मग हार, मग शाली, मग भाषणं. भाषणात महिलांच्या जिद्दीबद्दल बरंच होतं, आणि महिला उन्हात सायकली धरून उभ्या होत्या. प्रविणनं ओलं फडकं आणून मंजुषाच्या मानेवर टाकलं. "चल घरी," तो हळूच म्हणाला. "कुणी नावं ठेवणार न्हाई."

"ठेवतील," ती म्हणाली.

झेंडा पडला तेव्हा दहाला पाच कमी होते.

चार फेऱ्या होत्या. मैदानावरून निघायचं, तरवडाच्या झुडपांतून चढत माळावर जायचं, माळावरून दगडी उतारानं कोरड्या ओढ्यात, ओढ्यातल्या वाळूतून पलीकडं, आणि पुन्हा चढून मैदानावर. नियम असा की पहिली मुलगी चारही फेऱ्या संपवून रेषेवर यायच्या आत जी चौथ्या फेरीला निघाली नसेल, तिला तिथंच थांबवायचं. तिचं नाव निकालात लागणार नाही. राधाकिशन सर आता निवृत्त झाले होते, पण वेळ नोंदवायला त्यांनाच बोलावलं होतं. टोपी घालून, स्टॉपवॉच गळ्यात अडकवून ते टेबलाशी बसले होते. मंजुषाला पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

पहिल्या फेरीत मंजुषानं चूक केली. पोरींच्या मागं लागली. चढाला सातवी होती, दगडी उतारावर दोघींना मागं टाकून पाचवी झाली. मैदानावर आली तर मांडवाच्या सावलीत बंकट उभा! पाहुण्यांना आणणाऱ्या गाडीवर त्याची नेमणूक होती. त्यानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. त्याला दाखवायच्या नादात मंजुषानं पाण्याची बाटली घ्यायची सोडली आणि तशीच पुढं गेली.

दुसऱ्या फेरीत उन्हानं हिशोब चुकता केला. काळा दगड तापून खालून भाजत होता, वरून सूर्य. हँडलचं रबर हाताला चिकटायला लागलं. माळावर वारा होता, पण तो भट्टीतून आल्यासारखा. ओढ्याच्या वाळूत तिला ओकारी आली, सकाळची केळी तशीच बाहेर पडली. एक एक करत पोरी पुढं गेल्या. कुणीतरी "सॉरी ताई" म्हणून गेली, ते तिला जास्त लागलं.

तिसऱ्या फेरीत तिनं दोघी बसलेल्या पाहिल्या. एक बाभळीखाली डोकं गुडघ्यात घालून, तिच्याशेजारी स्वयंसेवक पाणी ओतत होता. दुसरी रडत होती, रागानं. मंजुषाला त्या दोघींचा हेवा वाटला. थांबल्या त्या, संपलं त्यांचं. आपल्यालाही कुणी थांबवलं तर किती बरं होईल, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. आणि त्याच वेळी मागून, ओढ्याच्या त्या अंगाला, दगडांवर चाकं वाजल्याचा आवाज आला. ती आरोही होती, तिची चौथी फेरी संपत आली होती. ती आधी रेषेवर पोचली तर मंजुषाला थांबवतील. मग निकालात नावच नाही. मग सोमवारी कॅन्टीनमध्ये बंकट विचारील, चाकं किती.

शेवटच्या चढाला तिची सायकल चालेना. ती उतरली, सायकल खांद्यावर घेतली आणि पळायला लागली. पळणं कसलं, खुरडत चढणं. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना आई जशी पाऊल तिरकं टाकायची, तसं पाऊल आपोआप पडायला लागलं. वर मैदानावर येऊन तिनं सायकलवर टांग टाकली. रेषेपाशी एक कार्यकर्ता हात आडवा करून म्हणाला, "ताई, ऱ्हाऊ द्या आता. लई झालं."

"सर, झाली का ती?" मंजुषा ओरडली.

राधाकिशन सरांनी ओढ्याच्या वाटेकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. "अजून न्हाई. जा तू."

तिनं रेषा ओलांडली आणि मागं टाळ्यांचा, शिट्ट्यांचा गजर झाला. तिच्यासाठी नव्हता तो. आरोही पहिली आली होती.

चौथी फेरी तिनं एकटीनं केली. माळावर कुणी नव्हतं. जागोजागी उभे केलेले स्वयंसेवक जेवायला गेले होते. एकानं तर वाटेची फीत गुंडाळून नेली होती. तिला वाट पाठ होती म्हणून बरं. बाटली रिकामी. डोळ्यांपुढं मध्येच काळं येई, मग ती उतरून चालायची, मग पुन्हा बसायची. माळाच्या टोकाला एका लिंबाखाली शेळ्या बसल्या होत्या आणि त्यांच्यात एक म्हातारी. तिनं हात वर केला.

"ए बाई, थांब की. तोंड बग कसं झालंय."

मंजुषा थांबली. म्हातारीचं नाव छबुबाई, हे तिनं आपणच सांगितलं. ओल्या कापडात गुंडाळलेली बाटली पुढं केली. मंजुषानं दोन घोट घेतले, उरलेलं डोक्यावर घ्यावंसं वाटत होतं, पण म्हातारीचं पाणी तेवढंच होतं.

"सकाळपून बगायलेय. तीनदा गेलीस हितून. कुणी मागं लागलंय का तुज्या?"

"न्हाई मावशी."

"मग कावून पळायलीस उन्हाचं?"

प्रमाणपत्राचं सांगावं तर ते इथं, या लिंबाखाली, भलतंच लांबचं वाटायला लागलं होतं. "शर्यत हाय," ती म्हणाली.

"झाली की ती. लाउडस्पीकर बंद झाला कवाच."

"माजी न्हाई झाली."

म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं. "बस मग घडीभर. पळून जात न्हाई तुजी शर्यत."

आणि मंजुषा बसली. किती वेळ ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. दोन मिनिटं असतील, दहा असतील. एक शेळी येऊन तिच्या हातावरचं मीठ चाटायला लागली. कितीतरी महिन्यांत ती अशी कुठं नुसती बसली नव्हती. रडावंसं वाटलं, पण अंगात तेवढं पाणी नव्हतं. मग ती उठली, छबुबाईच्या पायांना हात लावला आणि दगडी उताराला लागली. उतारावर तिनं ब्रेक जवळजवळ दाबलाच नाही. पाय मेले होते, पण हात-कमरेला सगळं आठवत होतं. सायकल दगडांवरून अशी गेली की कॅन लटकवले असते तरी थेंब सांडला नसता. बघायला कुणी नव्हतं.

मैदानावर मांडव सोडत होते. टेबल टेम्पोत गेलं होतं. राधाकिशन सर मात्र खुर्ची धरून रेषेवरच बसले होते, शेजारी प्रविण कलिंगडाची फोड हातात घेऊन उभा. तो घाबरून डोंगराकडं निघालाच होता, सरांनी अडवलं होतं. म्हणाले होते, "येईल. उतार तिचा हाय."

तिनं रेषा ओलांडली, सरांनी बटण दाबलं आणि हातानं वहीत लिहिलं: सानप मंजुषा, अकरावी. तिघींनी शर्यत सोडली होती. म्हणजे शेवटची.

बंकट गाडीच्या पायरीवर बसला होता. त्यानं आणलेले पाहुणे कधीच पुढाऱ्यांच्या गाड्यांत बसून निघून गेले होते, याला जायला हरकत नव्हती. तो उठून आला. "म्याडम, शेवटल्या फेरीला चालत आला का वो?"

"निम्मी चालतच," मंजुषा म्हणाली. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"म्हंजी दोन पायांच्या अकरा नंबरच्या गाडीनं आलात, अन् नंबर बी अकरावाच!" तो स्वतःच खो-खो हसला. मग सायकल तिच्या हातातून काढून घेतली, टेम्पोपर्यंत नेली आणि चढवताना मागच्या चाकाकडं बघत राहिला. रबर दगडांनी सोलून निघालं होतं. "आयला," एवढंच म्हणाला.

सोमवारी ती कामावर गेली. रजा मागायला लाज वाटली. पायऱ्या चढताना दोन्ही हातांनी दांडा धरावा लागला, आणि दिंद्रुडपर्यंत ती प्रत्येक थांब्याला मनात पायांना शिव्या देत राहिली. कॅन्टीनमध्ये बंकटनं सगळ्यांना ती अकरा नंबरची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. लोक हसले. तेव्हापासून आगारात तिचं नाव पडलं, अकरा नंबर. चाकं किती हे मात्र पुन्हा कुणी विचारलं नाही. कुणी माफी मागितली नाही, कुणी कौतुकही केलं नाही. एक बोलणं गेलं, दुसरं आलं, आणि हे दुसरं निदान खरं होतं.

पुढच्या वर्षी शर्यत झाली नाही. अमरसिंहाचा नाद दुसरीकडं वळला होता. झाली असती तरी मंजुषा उतरली नसती. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळलं, ते यायला पावसाळा उलटला. धनश्रीनं सायकल तिच्याकडंच राहू दिली. रविवारी ऊन उतरलं की मंजुषा कधी कधी माळापर्यंत जाते, लिंबाखाली छबुबाईजवळ बसते. अंधार पडायच्या आत ती उठते, कारण पहाटेची पहिली गाडी तिची असते.