बाथला जायचंय? मला विचारू नका

आमच्या लंडनच्या एजवेअरमधलं कोणीही बाथला निघालं की मला फोन येतो. तू जाऊन आलीस ना, मग सांग की कुठे उतरायचं, काय खायचं, काय बघायचं. मी सांगते. स्टेशनपासून चालत जाता येईल असं हॉटेल घ्या. अर्धगोलात वळलेली ती घरांची रांग गर्दी व्हायच्या आत बघा. तिथला गोड बन मोठा असतो, दोघांत एक पुरतो. ॲबेसमोरच्या, म्हणजे तिथल्या जुन्या मोठ्या चर्चसमोरच्या चौकात बसायला बाकं आहेत. बाकांबद्दल मी जास्त बोलत नाही.

मी बाथला गेले तेव्हा आई बर्मिंगहॅमला दादाकडे होती, व्हिजिटर व्हिसावर. नातवंडांबरोबर मजा करायला, असं दादा सगळ्यांना सांगायचा. मजा म्हणजे जिने. मुलं वर, स्वयंपाकघर खाली, आणि आईचे गुडघे आधीच कामातून गेलेले.

आई दापोलीकडची. तरुणपणी दर थंडीत ती उन्हवऱ्याच्या गरम कुंडात जाऊन बसायची. बाथलाही तसंच जमिनीतून गरम पाणी येतं, हे तिला मीच सांगितलं. जन्मात कधी काही न मागितलेली ही बाई म्हणाली, "मला तिथे एकदा बसव गं, परत जायच्या आधी."

तिथलं जुनं रोमन कुंड नुसतं बघायचं, पाण्याला बोटसुद्धा लावू देत नाहीत. पण जवळच स्पा आहे, त्यात तेच पाणी. मी आम्हा दोघींचं बुकिंग केलं. साडीवर आत घेत नाहीत म्हणून अंगभर झाकणारा कॉस्च्युम घेतला आणि पोस्टाने पाठवला. "त्यात मी बेडकीसारखी दिसते," आई फोनवर म्हणाली. म्हणजे बाईसाहेबांनी घालून बघितला होता. मला इतकं बरं वाटलं.

दादाने तिला गाडीने बाथला सोडायचं, मी लंडनहून ट्रेनने यायचं, रात्री आम्ही दोघी हॉटेलात राहायचं, असं ठरलं. मग दादा म्हणाला, आम्ही सगळेच येतो, आम्ही तरी कुठे बाथ बघितलंय.

माझी ट्रेन स्विंडनच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. मी दादाला फोन केला. मला उशीर होतोय, आईबरोबर वहिनीला आत पाठव, मुलांना तू बघ.

"हो गं, तू टेन्शन घेऊ नकोस," तो म्हणाला.

मी पोचले तेव्हा आई ॲबेसमोरच्या बाकावर बसली होती. एका हाताने धाकट्याची बग्गी हलवत होती, दुसऱ्या हातात थोरलीचं उष्टं सँडविच. मांडीवर पिशवी, पिशवीत पंचा. स्पात लहान मुलांना घेत नाहीत. आम्हा दोघींच्या बुकिंगवर दादा आणि वहिनी आत गेली होती.

"अगं, त्यांना तरी कुठे आराम मिळतो," आई म्हणाली. "मीच म्हटलं, जा तुम्ही."

माझं डोकं सणकलं. स्पाच्या काउंटरवर विचारून आले, तर दिवसभराचं सगळं बुकिंग फुल. आणि दुसऱ्या दिवशी आईचं विमान.

दोघं बाहेर आली ती तुकतुकीत होऊन. "काय मस्त पाणी आहे, आई. तू यायला हवं होतंस," दादा म्हणाला. त्याचे केस ओले होते. आईने पंचा काढला आणि सर्दी होईल म्हणून त्याचं डोकं पुसायला लागली. त्या घोड्याने डोकं खाली वाकवलं.

मी भर चौकात तोंड सोडलं. त्याचं एकच. "आईच म्हणाली. विचार तिला."

"आईंना तसंही उतरायचं नव्हतं," वहिनी म्हणाली. "त्यांना लाज वाटत होती."

आईने मान डोलावली. मग मी कोणाच्या वतीने भांडणार?

संध्याकाळी हॉटेलात आई बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. शेवटी दार किलकिलं करून तिने मला हाक मारली. साडी सोडून ठेवलेली होती आणि आत तो कॉस्च्युम होता. सकाळी घरूनच घालून निघाली होती. दिवसभर त्या बाकावर ती तशीच बसली होती.

"मागची चेन काढ गं. माझा हात पोचत नाही."

मी चेन खाली ओढली. पाठीवर शिवणीचे लाल वळ उठले होते.

"मग सकाळी कोणी लावून दिली?"

"कोणी म्हणजे काय," आई म्हणाली, "तुझ्या वहिनीने."