फोटोसाठी काढलेलं जाकीट

एका सेनेटरने माझ्या साडूंना फसवलं. आधी त्यांच्या डोळ्यात छर्रा घातला आणि मग चूकही त्यांच्याच पदरात टाकली.

साडू रिटायर्ड डॉक्टर, मी जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापारी. मिनेसोटातल्या शेतकऱ्यांशी घासाघीस करत मी उभा राहिलो आणि त्यांच्याच मक्याच्या शेतांत शिकारही शिकलो. फेझंट हा कोंबड्याएवढा पक्षी. अंगात भडक केशरी जाकीट घालून सगळ्यांनी एका ओळीत चालायचं, पक्ष्याच्या खाली आभाळ दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही, आणि थांबलात की काडतुसं काढायची. माझ्या गिऱ्हाइकांच्या शाळकरी पोरींनाही हे पाठ असतं.

सेनेटरसाहेबांनी निवडणुकीच्या तोंडावर खास समर्थकांसाठी शिकार ठेवली. डॉक्टर कोसा रेशमाची बंडी घालून आले. का, तर फोटो आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात जाणार! मी कपाळावर हात मारला आणि वरून केशरी जाकीट चढवून दिलं.

अर्ध्या शेतात साहेबांना फोटोची हुक्की आली. "डॉक, ते केशरी काढा हो, तुमचा सुंदर कोट दिसू दे!" डॉक्टरांनी लगेच काढलं. साहेबांच्या काखेतली बंदूक भरलेलीच होती. पायाजवळून पक्षी फडफडत उठून डॉक्टरांच्या बाजूने गेला, साहेब गर्रकन वळले आणि डोक्याच्या उंचीवर बार काढला. डॉक्टर तोंडावर हात दाबून मटकन खाली बसले.

संध्याकाळी साहेबांचं निवेदन आलं: पाहुण्यांनी सुरक्षेचं जाकीट घातलं नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टर मलाच समजावत होते. "अहो, जाकीट मीच काढलं ना?"

"काढलंत, की काढायला लावलं?"

"जाऊ द्या हो. एवढा मोठा माणूस, स्वतः फोन केला त्याने."

"फोन केला! आरतीच ओवाळा आता!"

त्यांची मुलगी खिडकीशी उभी होती. "बाबा, शूट त्याने केलं. आणि सॉरी तुम्ही म्हणताय?"

डॉक्टरांनी खरंच सॉरी म्हटलं होतं. साहेबांना मनस्ताप झाला म्हणून!

आमच्या मंडळाने तर कमाल केली. दिवाळीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे साहेबच, आणि शाल-श्रीफळ डॉक्टरांच्या हस्ते. मी अध्यक्षांना फोन केला. "काका, आता कॅन्सल कसं करणार? दोघं एका स्टेजवर आले की विषय संपला, यार."

त्यांचा संपला असेल. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या डॉक्टरांनी त्यांना शाल घातली, तेव्हा साहेब माइकवर म्हणाले, "डॉकसारखा चिवट पक्षी मी पाहिला नाही." हॉल हसला. डॉक्टरही हसले. मी उभा राहून विचारलं, "बंदूक भरलेली का होती?" तर निवेदिकेने घाईघाईने लावणी जाहीर केली.

डॉक्टरांना त्या डोळ्याने आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. गाडी मुलगी चालवते. मंडळात अजून कुणी ना कुणी मान हलवत म्हणतं, "डॉक्टरकाकांनी जाकीट घालायला हवं होतं."

म्हणून इथे छापून विचारतो. साहेब, भरलेली बंदूक घेऊन तुम्ही फोटोला का उभे राहिलात? पक्ष्याच्या मागे माणूस आहे हे माहीत असताना बार का काढलात? उत्तर मला नको, डॉक्टरांना द्या. पण कानात नाही, फोनवर नाही. ज्या माइकवर विनोद केलात, त्याच माइकवर द्या.